कोरणाऱ्याचा कोरा दगड : पेन्सविकच्या दफनभूमीतील एक पिरॅमिड

१

इंग्लंडमधल्या खेड्यातली दफनभूमी मराठी वाचकाला बहुधा पाहण्याआधी वाचूनच ठाऊक झालेली असते. टॉमस ग्रेची विलापिका १७५१ साली प्रसिद्ध झाली आणि आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी ती पाठ्यपुस्तकांतून वाचली. बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक पोजेस या गावाशी ती कविता कायमची जोडली गेली आहे. ग्रे स्वतःही तिथेच, आपल्या आईच्या थडग्यात विसावला आहे. त्या कवितेचे मन गावातल्या अनाम मृतांकडे आहे. श्रीमंतांच्या कोरीव स्मारकांकडे ती संशयाने पाहते आणि या शिल्पांनी गेलेला प्राण परत येतो का, असे विचारते. प्रश्न खराच आहे. पण त्यातून वाचकांना एक सवय लागली : थडग्यापाशी थांबायचे, आणि दगडावरून नजर काढून मृत्यूच्या विचारात शिरायचे. दगड हे निमित्त, चिंतन हाच विषय.

या लेखात उलट वाट धरायची आहे. ग्रेची कविता आली त्याच शतकात ग्लॉस्टरशायरमधल्या पेन्सविक नावाच्या छोट्या गावात सेंट मेरी चर्चच्या आवारात कोरीव थडग्यांची एक विलक्षण मालिका उभी राहत होती. ती घडवणाऱ्यांत ब्रायन नावाचे पाथरवटांचे घराणे अग्रभागी होते. त्या घराण्यातला जॉन ब्रायन १७८७ साली वारला आणि त्याच आवारात पुरला गेला. त्याच्या थडग्यावर देवदूत नाहीत, वेलबुट्टी नाही, कवटी नाही, वाळूचे घड्याळ नाही. तो एक साधा, सरळ कडांचा दगडी पिरॅमिड आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थडग्यांवर नक्षी कोरणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा कोरा दगड का यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या आवारातल्या इतर दगडांचेही वाचन नव्याने करावे लागते.

२

आधी दगड. पेन्सविक कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या पश्चिम कडेला, ग्लॉस्टर शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. गावावरच्या टेकडीत निघणारा चुनखडीचा दगड माशाच्या अंड्यांसारख्या बारीक गोल कणांचा बनलेला असतो. खाणीतून नुकता काढलेला असताना त्यात ओल असते आणि तो टाकीला सहज वश होतो. हवेवर सुकला की कठीण होतो. म्हणजे पाथरवटाला मऊपणाची एक ठरावीक मुदत मिळते. पानांच्या दुमडी, देवदूतांचे फुगीर गाल, कापडाच्या चुण्या हे सारे इतके मोकळेपणाने उतरले, त्याचे निम्मे श्रेय या दगडाच्या स्वभावाला आहे. ग्रॅनाइटच्या मुलखात अशी दफनभूमी झाली नसती.

आता घाट. इथली बरीच थडगी मेजासारखी आहेत : जमिनीवर जोते, त्यावर चार बाजूंच्या कोरीव फळ्यांची लांबट पेटी, वर जाड शिळा. काहींच्या दोन्ही टोकांना वीणेसारख्या बाकदार कडा आहेत. दुसरा प्रकार उभ्या, गोल किंवा चौकोनी बैठकीचा. वरच्या झाकणाच्या घाटामुळे त्यांना लोकांनी ‘चहाचे डबे’ असे नाव दिले. या पेट्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, की त्या पोकळ असतात. मृतदेह खाली जमिनीत असतो; वरची पेटी नुसती त्याची जागा सांगते. तिच्यात काही ठेवलेले नाही. म्हणून ही थडगी मुळात पाहण्यासाठीच बांधलेली आहेत, आणि त्यांच्याकडे न पाहता पलीकडे पाहणे म्हणजे ज्या एका कामासाठी ती उभी आहेत तेच नाकारणे.

नक्षीचे मूळ निव्वळ ग्रामीण नाही. जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाचा नमुन्यांचा ग्रंथ १७२८ साली निघाला. त्यात स्मारकांचे कितीतरी आराखडे होते, आणि अशा ग्रंथांतून लंडनची व रोमची भाषा गावोगावच्या पाथरवटांपर्यंत पोचली. मात्र पोचलेली भाषा जशीच्या तशी बोलली गेली नाही. राजधानीतल्या संगमरवरी स्मारकावर जी गोष्ट तोलूनमापून येते ती इथे हात सैल सोडून येते. शिंपले मोठे होतात, देवदूतांचे चेहरे शेजारच्या पोरांसारखे दिसतात, मृत्यूची चिन्हे आणि फुलांच्या माळा एकाच फळीवर दाटीने नांदतात. फ्रेडरिक बर्जेस या अभ्यासकाने १९६३ साली इंग्लिश दफनभूमींतल्या स्मारकांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे या कारागिरीकडे गंभीर लक्ष गेले. तोवर कलेचा इतिहास चर्चच्या आतल्या स्मारकांचा होता. बाहेर पावसात उभे असलेले ते ‘लोककला’ या मोघम नावाखाली जमा होत होते.

३

चर्चच्या आत आणि बाहेर या भेदात पैशाचा इतिहासही दडला आहे. जुन्या काळी मान्यवर चर्चच्या आत पुरले जात. बाहेरच्या जमिनीत सामान्यांना बहुधा खूणही लाभत नसे. सतराव्या-अठराव्या शतकांत उभ्या राहिलेल्या एका नव्या वर्गाने बाहेरच्या जागेलाच प्रतिष्ठा दिली. पेन्सविकपुरते बोलायचे तर हा वर्ग कापडाच्या व्यापाऱ्यांचा होता. ते लोकर विकत घेत, ती घरोघरच्या बायकांकडून कातून घेत, विणकऱ्यांकडून विणून घेत आणि ओढ्याकाठच्या पाणचक्क्यांत कापड कुटून, रंगवून विकत. शेजारच्या स्ट्राउडचे लाल कापड सैनिकांच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होते.

या कापडाचा एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. ग्लॉस्टरशायरची बनात कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात आणि चीनला जाई. बनातीसाठी मराठीत ‘सकलाद’ असा आणखी एक शब्द आहे. तो फारसीतून आलेला असून युरोपात लाल कापडाला जे नाव पडले त्याच्याशी त्याचे नाते आहे. जुन्या मराठी कानाला हा शब्द ओळखीचा, तो माल मात्र कुठल्या ओढ्याकाठी रंगला हे कुणी विचारले नाही. पेन्सविकमधल्या ‘चहाच्या डब्यां’ना ते टोपणनाव पडले तेही अशाच देशात, जिथे चहा कंपनीच्या व्यापारातून घरोघर पोचला होता.

लोकरीच्या या धंद्याला राज्याने किती जपले, हे दोन प्रकारच्या कायद्यांवरून कळते. १६६६ आणि १६७८ च्या कायद्यांनी असे फर्मावले की मृताला लोकरीच्याच कापडात पुरले पाहिजे. आठ दिवसांच्या आत तसे शपथपत्र द्यायचे, नाहीतर पाच पौंड दंड. हे कायदे पुढे पाळले जाईनासे झाले तरी कागदावर १८१४ पर्यंत राहिले. दुसरीकडे १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी हिंदुस्थानी छापील सुती कापडावर बंधने घातली : आधी आयातीवर, मग बहुतेक छापील सुताच्या वापरावरच. ती १७७४ मध्ये उठली. म्हणजे अर्धशतकभर इंग्लंडमध्ये जिवंत बाईने छापील चीट नेसायचे नाही आणि मेलेल्या माणसाने तागाचे कफन घ्यायचे नाही, अशी स्थिती होती. मृतांनाही गिऱ्हाईक करणाऱ्या या व्यवस्थेतून जे धन साठले, त्याचा काही अंश पेन्सविकच्या कोरीव पेट्यांत उतरला आहे.

आणि ज्यांनी ते कापड विणले? १७५६ च्या अखेरीस मजुरीच्या कपातीवरून ग्लॉस्टरशायरचे विणकर उठले, तेव्हा सैन्याच्या तुकड्या घेऊन जेम्स वुल्फ स्ट्राउड भागात आला. तीनच वर्षांनी क्वेबेकच्या लढाईत पडून राष्ट्रवीर झालेला हाच तो सेनानी. आपल्या पत्रांत त्याने लिहिले की विणकर अर्धपोटी आहेत, मालकांनी मजुरी जगण्याजोगी ठेवलेली नाही, आणि त्यांची तक्रार त्याला न्याय्य वाटते. क्वेबेकच्या आदल्या रात्री वुल्फने ग्रेची विलापिका म्हटली, अशी आख्यायिका आहे. तिची शहानिशा कशीही होवो. कवितेतले अनाम गावकरी आणि बंदुकीच्या धाकात ठेवायचे विणकर ही एकच माणसे होती, हे तरी त्यातून ध्यानात यावे. पेन्सविकच्या आवारात कापड विकणाऱ्यांची थडगी कोरीव आहेत. विणणाऱ्यांच्या जागा गवताखाली सपाट आहेत.

४

इतका इतिहास ज्या आवारात आहे त्याबद्दल लोक काय सांगतात? बहुतेक गोष्टी सांगतात. पेन्सविकच्या आवारात कातरून गोल केलेले यू वृक्ष आहेत. ते नव्याण्णवच आहेत, शंभरावे लावले की सैतान ते मारतो, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याच्या कानावर पडते. मोजले तर झाडे शंभराहून अधिक भरतात. दर सप्टेंबरात तिथे चर्चभोवती मुले हात धरून कडे करतात. त्या विधीचे नाव आणि झाडे कातरणे यांसाठी आजच्या इंग्रजीत एकच उच्चार असल्याने पुष्कळांचा समज होतो की हा झाडे छाटण्याचा सण. विधीच्या नावातला मूळ शब्द मिठी मारण्याचा आहे.

शेजारच्या ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्डची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तिथल्या काही मेजवजा थडग्यांच्या माथ्यावर आडवा, अर्धगोल, खाचा पाडलेला दगड असतो. हे लोकरीचे गठ्ठे, व्यापाऱ्याने आपला धंदा दगडात कोरून घेतला, असे मार्गदर्शक सांगतात, आणि या थडग्यांचे रूढ नावही तेच पडले आहे. पण तो आकार लोकरीत गुंडाळलेल्या मृतदेहाचा असू शकतो, किंवा तिरडीवर कमानी लावून त्यावर पांघरायच्या वस्त्राचाही. तिन्ही वाचने शक्य आहेत. तरी टिकली ती गठ्ठ्याची, कारण ती एका वाक्यात सांगता येते आणि ऐकणाऱ्याला काही समजल्याचे समाधान देते.

गोष्टींना माझा आक्षेप नाही. दफनभूमी गोष्टींशिवाय राहत नाही आणि राहूही नये. आक्षेप आहे तो गोष्टीने दगडाची जागा घेण्याला. चिन्हाचा अर्थ कळला की पाहणे संपते. गठ्ठा म्हटले की खाचा किती खोल आहेत, त्या कुठे थांबतात, माथा आणि पेटी यांचा सांधा कसा घेतला आहे, हे कुणी पाहत नाही. गोष्ट नेहमी मालकाची असते. तो कोण होता, त्याने पैसा कसा मिळवला, तो किती विक्षिप्त होता. कारागीर गोष्टीत येत नाही, कारण त्याचे जे काही सांगण्यासारखे आहे ते त्याने दगडातच सांगून टाकलेले असते.

पिरॅमिडचेच उदाहरण घ्या. ससेक्समधल्या ब्राइटलिंग गावच्या दफनभूमीत जॉन फुलर या जमीनदाराने १८११ मध्ये, स्वतः हयात असताना, आपल्यासाठी भव्य पिरॅमिड बांधवून घेतला. तो १८३४ साली वारला. आत तो टोपी घालून, हाताशी मद्याची बाटली घेऊन खुर्चीवर बसला आहे, ही कथा दीडशे वर्षे चालली. १९८२ च्या दुरुस्तीत दिसले की तसे काही नाही. इतरांसारखाच तो जमिनीखाली पुरलेला आहे. पण त्या गमतीदार कथेच्या आड एक गोष्ट सुखाने झाकली गेली : जमैकातल्या गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यांचा हा मालक पार्लमेंटमध्ये गुलामगिरीची बाजू मांडत असे. खुर्चीवरचा विदूषक लोकांच्या लक्षात राहिला, मळेवाला राहिला नाही.

५

फुलरच्या आधी सत्तेचाळीस वर्षे वारलेल्या जॉन ब्रायनच्या पिरॅमिडभोवती अशी एकही कथा नाही. म्हणूनच तो आकारातूनच वाचावा लागतो.

पिरॅमिड म्हटले की नेपोलियनची इजिप्तवरची स्वारी आणि त्यानंतरचे मिसरचे वेड आठवते. पण ती स्वारी १७९८ ची. ब्रायनचा पिरॅमिड इजिप्तकडून थेट आलेला नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रजांना हा आकार मुख्यतः रोममधून ठाऊक होता. तिथे केस्टियसचा उभ्या चढाचा प्राचीन पिरॅमिड शहराच्या तटाला लागून आहे.

या आकाराच्या इंग्लंडमधल्या प्रवासात एक धागा आपल्याजवळून जातो. जॉन व्हॅनब्रू हा पुढे नाटककार आणि वास्तुविशारद म्हणून गाजलेला माणूस तरुणपणी, १६८० च्या दशकात, कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. तिथल्या इंग्रजांच्या दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ क्रिस्टोफर यांची घुमटांची दुमजली समाधी होती. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला ऑक्झेंडन तो हाच. मायदेशी ज्यांना मेजाएवढे थडगे मिळाले असते, त्यांनी मोगलांच्या मकबऱ्यांशी बरोबरी करणारे घुमट सुरतेत बांधले. लंडनमध्ये नवी चर्चेस बांधायचे ठरले तेव्हा, १७११ च्या सुमारास, व्हॅनब्रूने सुचवले की चर्चच्या आत पुरणे बंद करून गावाबाहेर दफनभूमी करावी, आणि नमुना म्हणून सुरतेच्या दफनभूमीचे रेखाटन दिले. पुढे कासल हॉवर्डच्या वाटेवरच्या प्रवेशद्वारावर त्याने पिरॅमिड चढवला. मोकळ्या आकाशाखाली निव्वळ भौमितिक घाटाचे स्मारक उभारण्याची कल्पना इंग्लंडमध्ये रुजली, तिच्या मुळांशी रोमबरोबर सुरतही आहे. येथून पेन्सविकपर्यंत सरळ रेषा ओढणे धाडसाचे होईल. पण ब्रायनचा पिरॅमिड ज्या हवेत उभा राहिला, ती हवा अशी दूरवरून आलेली होती.

त्याच्या अधिक जवळचे मूळ त्याच्या धंद्यातच सापडते. त्या काळी चर्चच्या भिंतींवर जी संगमरवरी स्मारके लावत, त्यांच्या रचनेत एक ठरीव भाग असे : मागे राखाडी दगडाचा सपाट, निमुळता पिरॅमिड आणि त्याच्यापुढे मृताचा अर्धपुतळा, कलश किंवा रडणारे देवदूत. पिरॅमिड चिरंतनाचे चिन्ह खरे, पण प्रत्यक्षात त्याचे काम पार्श्वभूमीचे. पुढचे कोरीवकाम उठून दिसावे म्हणून मागची रिकामी जागा. अठराव्या शतकात कोरीवकामावर पोट भरणाऱ्या कुणाही माणसाच्या हाताखालून असे आकार वारंवार गेलेले असणार. जॉन ब्रायनच्या थडग्यात हीच पार्श्वभूमी पुढे आली आहे. पुतळा गेला, कलश गेला, देवदूत गेले. जे आजवर मागे राहून दुसऱ्याला उठाव देत होते, तेच एकटे, चारी बाजूंनी पाहता येईल असे उभे राहिले. पाथरवटाच्या स्मारकासाठी याहून नेमका आकार मला सुचत नाही.

याला नम्रता म्हणावे का? तसे म्हणायचा मोह होतो : आयुष्यभर नक्षी विकून कंटाळलेला माणूस शेवटी साधेपणाकडे वळला. मला हे वाचन फार सोयीचे वाटते. नक्षी दोष झाकते. पानाची एक दुमड चुकली तर शेजारी दुसरे पान कोरता येते. घडीव चिऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये चार कलत्या बाजू एका टोकाशी मिळाव्या लागतात. खालच्या थरात केसभर चूक झाली तर ती वर चढत जाते आणि कडेवर उघडी पडते. गुण्या, ओळंबा आणि सांध्यांची सफाई यांखेरीज लपायला जागा नाही. हा साधेपणा कारागिराच्या अभिमानाचा आहे. आसपासच्या थडग्यांनी गिऱ्हाइकाची ऐपत सांगायची असते. हा दगड फक्त काम सांगतो.

शिवाय पाथरवटाला पाऊस कळतो. कोरीव थडग्यावर पाणी साचायला शेकडो जागा असतात : पानांच्या खोबणी, कंगोरे, पंखांच्या कडा. उभ्या चढाच्या बाजूंवरून पाणी वाहून जाते. आकार स्वतः मृताने ठरवला असो वा मागे राहिलेल्यांनी, तो निवडताना ज्यांच्या हातांना दगड कसा झिजतो हे ठाऊक होते त्यांचे ज्ञान त्यात उतरले आहे.

६

ती झीज आज पेन्सविकचा खरा प्रश्न आहे. चुनखडीला आम्लयुक्त पाऊस सोसत नाही. मजकूर पुसला जातो हे जुन्यांनाही माहीत होते. म्हणून इथल्या कित्येक थडग्यांवर नावे धातूच्या पत्र्यांवर कोरून बसवलेली आहेत. पोकळ पेट्यांच्या फळ्या आतून लोखंडी पकडींनी जोडलेल्या असतात. लोखंड गंजले की फुगते आणि दगड फोडते. मागच्या काळात दुरुस्तीसाठी सिमेंट वापरले गेले तिथे अपाय अधिक झाला, कारण सिमेंट दगडापेक्षा कठीण. ते ओल अडवते आणि दगडच झिजत जातो. आता जाणकार चुन्यानेच दर्जा भरतात आणि लोखंडाच्या जागी न गंजणारी पकड बसवतात. दुसरीकडे दगडांवर वाढणारी शेवाळासारखी दगडफुले स्वतःच जपण्याजोगी असतात. ती खरवडली तर कोरीवकाम स्पष्ट दिसेल, पण दगडाची सालही जाईल. काय राखायचे आणि काय जाऊ द्यायचे, हे प्रत्येक थडग्यापाशी नव्याने ठरवावे लागते.

ठरवणारे लोक काय पाहायला शिकले आहेत, यावर ते अवलंबून राहील. गोष्टीच महत्त्वाच्या मानल्या तर ज्यांच्याभोवती गोष्ट आहे ती थडगी वाचतील. मालकांची नावे महत्त्वाची मानली तर धातूचे पत्रे जपले जातील. विणकऱ्यांच्या सपाट जागांसाठी तर जपायलाही काही उरलेले नाही. त्यांच्यापुरता ग्रेचा विलाप अजून पुरा पडतो. पण जे घडवणारे होते त्यांच्यासाठी विलाप नको, परीक्षण हवे. त्यांनी टाकी कशी चालवली, नमुन्याच्या पुस्तकातले काय घेतले आणि काय सोडले, सांधा कुठे लपवला आणि कुठे मिरवला, हे पाहणे हाच त्यांचा परिचय.

जॉन ब्रायनचा पिरॅमिड त्या परिचयाची सुरुवात करायला योग्य जागा आहे. आधी त्याच्या चार कडा नजरेने वर टोकापर्यंत न्याव्यात, आणि मग वळून सभोवतालच्या देवदूतांकडे पाहावे. ते देवदूत कुणासाठी कोरले होते, हा प्रश्न तेव्हा मागे पडतो आणि ते कुणी कोरले, हा पुढे येतो.